म्हातारी होऊ शकेल अशी गाडी

‘क्लासिक घेऊ की जावा?’ हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण पंचविशी-तिशीतले असतात. नोकरी जरा स्थिरावलेली असते, घरून होकार मिळालेला असतो, हप्त्याचं गणितही मांडून झालेलं असतं. एक शनिवार रॉयल एनफील्डच्या शोरूममध्ये गेलेला असतो, दुसरा जावाच्या. दोन्ही गाड्यांचे आकडे त्यांना तोंडपाठ असतात. तरीही निर्णय होत नाही, आणि तो न होणं मला बरोबरच वाटतं. आकड्यांनी सुटावा असा हा प्रश्न नाही.

तेव्हा आकडे सुरुवातीलाच सांगून बाजूला ठेवतो. क्लासिक ३५० चं इंजिन ३४९ सीसीचं, वाऱ्यावर आणि ऑइलवर थंड होणारं, वीस अश्वशक्तीच्या किंचित वर, पाच गिअरचं. जावा ३५० चं ३३४ सीसीचं, कूलंट आणि रेडिएटर असलेलं, साधारण बावीस अश्वशक्तीचं, सहा गिअरचं. टॉर्कमधला फरक नावापुरता आहे आणि किमतीही जवळजवळ आहेत. दोघी साडेतीनशेच्या आत राहिल्या याला करांचीही पार्श्वभूमी आहे. साडेतीनशेच्या वर आधीपासून उपकर होताच. सप्टेंबर २०२५ पासून तर ३५० सीसीपर्यंत १८ टक्के जीएसटी आणि त्यापुढे थेट ४० टक्के असा कडा उभा राहिला. चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारी चारशे सीसीची ट्रायम्फ त्या कड्याच्या पलीकडे गेली. त्यामुळे जुन्या वळणाची, घरच्या बजेटात बसणारी गाडी हवी असेल तर बोट फिरून फिरून याच दोन नावांवर येतं. होंडाची सीबी ३५० आहे, आणि यंत्र म्हणून ती दोघींपेक्षा जास्त नीटस आहे असं माझं मत आहे. पण आपल्या रस्त्यांवर तिला भूतकाळ नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला भूतकाळच विकत घ्यायचा असतो.

क्लासिकची पूर्वज बुलेट आपल्याकडे आली ती सरकारी वर्दीत. इंग्लंडमधल्या रेडिच गावची रॉयल एनफील्ड ही कंपनी १९०१ पासून मोटारसायकली बनवत होती, आणि ‘बुलेट’ हे नाव १९३२ पासूनचं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय लष्कराने साडेतीनशे सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सने रेडिचच्या कंपनीबरोबर एनफील्ड इंडिया काढली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. लष्करामागून पोलीस आले. त्यामुळे एका पिढीसाठी बुलेट म्हणजे फौजदार. गावात ती दिसण्याच्या आधी ऐकू यायची, आणि ऐकू आली की पारावरच्या गप्पांचा आवाज खाली यायचा. पुढे ती बागायतदारांकडे गेली. ऊसपट्ट्यात दारात बुलेट उभी असणं ही त्या घराचं बरं चाललंय याची खूण झाली. डिझेलवर चालणारी बुलेटही निघाली. तिचं साडेसहा अश्वशक्तीचं इंजिन पळायला जेमतेम, पण पेट्रोलच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त अॅव्हरेज द्यायचं. शेतावरून बाजारात आणि बाजारातून शेतावर जाणाऱ्याला वेगाची घाई नव्हती, डिझेल घरात होतंच.

जावाची वाट निराळी. १९२९ मध्ये प्राग शहरात फ्रांतिशेक यानेचेक यांनी सुरू केलेली ही चेक कंपनी. १९६० च्या दशकाच्या आरंभी इराणी कुटुंबाने मैसूरला आयडियल जावाचा कारखाना उभा केला आणि अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक गाडी इथे बनू लागली. पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळायचं, मागे निळसर धूर सोडत जायचं. १९७३ पासून टाकीवर येझदी हे नाव आलं, तरी कितीतरी लोक पुढे वर्षानुवर्षं तिला जावाच म्हणत राहिले. तिला सरकारी रुबाब नव्हता. शाळामास्तर, कारखान्यातले फिटर, बऱ्या घरची कॉलेजातली मुलं, दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून पहाटे शहराकडे निघणारे दूधवाले, अशा सगळ्यांची ती होती. बुलेट येताना दिसली की लोक बाजूला व्हायचे. जावावाल्याला लोक हात करून थांबवायचे आणि मागे बसायचे.

आज शोरूममध्ये उभा असलेला मुलगा या दोन आठवणींपैकी एक निवडत असतो, आणि त्या बहुधा त्याच्या स्वतःच्या नसतात. एखाद्या काकांच्या असतात, आजोबांच्या असतात, लग्नाच्या अल्बममधल्या फोटोतल्या असतात. उसन्या आठवणीवर जीव जडणं मला खोटं वाटत नाही. राजगडावर चढणाऱ्या मुलांनी तरी शिवकाळ कुठे पाहिला आहे? पण उसन्या आठवणीतून एक गोष्ट हमखास गळून पडते. त्या गाड्या चालवायला काय काय यावं लागायचं, हे तिच्याबरोबर येत नाही.

जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटला किक मारणं शिकावं लागे. चावी फिरवून हेडलाइटच्या डब्यावरच्या अँपिअरच्या काट्याकडे बघत किक हळूहळू दाबायची. काटा मध्यावर आला की पिस्टन वरच्या टोकाशी आला असं समजायचं. मग डीकॉम्प्रेशनचा खटका ओढून किक आणखी किंचित पुढे न्यायची, खटका सोडायचा, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि तेव्हा कुठे अंगाचं वजन टाकून एकच दणका. घाई केली की किक उलटी फिरायची. पोटरीवर तिची खूण घेऊन फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी, एक वर आणि तीन खाली. जावाचे प्रकार वेगळे. तिची किक आणि गिअरची दांडी एकच. किक मारायची आणि तीच दांडी पुढे वळवून गिअर टाकायचे. त्या दांडीवर पाय दाबला की क्लच आपोआप सुटायचा, म्हणून क्लचची वायर मध्येच तुटली तरी जावावाला घरी पोचायचा. अशा सवयींतून यंत्राच्या आत काय चाललंय ते पायाला, हाताला, कानाला कळत जायचं. टॅपेट वाजायला लागले आहेत, पॉइंट घाण झाला आहे, चेन सैल पडली आहे, हे मालकाला मेकॅनिकच्या आधी कळायचं.

आज यातलं काही उरलं नाही. नव्या क्लासिकला किक नाही, नव्या जावालाही नाही. एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं आणि एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे धुराचे नियम आले. कार्बोरेटर जाऊन त्याजागी इंजेक्शन आलं, पेट्रोल किती आणि कधी सोडायचं हे संगणक ठरवू लागला. याबद्दल मला हळहळ वाटत नाही. जुलैच्या पावसात घाटातल्या वळणावर, ट्रकच्या सांडलेल्या डिझेलवर पुढचं चाक अडकून पडलेल्यांना ज्यांनी उचललं आहे, ते एबीएस नसलेल्या गाडीचे गोडवे गाणार नाहीत. टू-स्ट्रोकचा धूर शहराच्या फुप्फुसात जायचा, हेही खरंच आहे. जुनी गाडी आठवणीत असावी आणि नव्या गाडीचा ब्रेक हातात असावा, हेच बरं.

पण मग दोन्ही गाड्यांमध्ये जुनं असं उरतं काय? टाकीचा आकार, गोल हेडलाइट, मडगार्डची कमान, क्रोम आणि रंग. इथे मला एका गोष्टीचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. जावाच्या इंजिनावर पंख आहेत, म्हणजे जुन्या इंजिनांवर असायच्या तशा पातळ आडव्या चकत्या. त्या चकत्या मुळात वाऱ्याला जास्तीत जास्त धातू लागावा म्हणून असत. इंजिन थंड ठेवणं हेच त्यांचं काम. नव्या जावाचं इंजिन थंड ठेवायला कूलंट आहे आणि समोर काळ्या रंगात दडवलेला रेडिएटर आहे. चकत्या केवळ दिसण्यासाठी. ट्रायम्फनेही बॉनव्हिलवर इंजेक्शनची यंत्रणा कार्बोरेटरच्या आकाराच्या कवचात बसवली होती, म्हणजे ही खोड एकट्या जावाची नाही. तरीही यंत्राच्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूला काही काम असावं, असं मला मनापासून वाटतं. जुन्या गाड्या सुंदर दिसायच्या त्यामागे हेच होतं: त्यांचा आकार कामातून आला होता. क्लासिक या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. तिच्या इंजिनावरच्या चकत्या खरोखर वारा घेतात. जावाच्या दोन सायलेन्सरांबद्दल मात्र मी तक्रार करणार नाही. एका सिलेंडरला दोन सायलेन्सर कशाला, असं नवखा माणूस विचारतो. पण जुन्या अडीचशेच्या जावालाही एकच सिलेंडर आणि दोन नळकांडी होती. ती तिची जुनी चाल आहे आणि तिने ती राखली आहे.

यातूनच दुसरा प्रश्न उभा राहतो. चहाच्या टपरीवर तो ‘ओरिजिनल कोणती?’ अशा शब्दांत विचारला जातो. बुलेटवाले छाती काढून म्हणतात, आमची कधी बंद पडली नाही. ते खरं आहे. इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७० च्या सुमारास संपली, पण मद्रासला बुलेट निघतच राहिली, आणि १९७७ मध्ये तीच बुलेट उलट इंग्लंडला विकायला गेली. नव्वदच्या दशकात आयशरने कंपनी ताब्यात घेतली. २००० साली सिद्धार्थ लाल यांच्याकडे सूत्रं आली तेव्हा ती बंद करायच्या गोष्टी चालल्या होत्या. ती तगली. पण तगताना काय काय बदललं ते पाहा. गिअर उजवीकडून डावीकडे आले. २००९ च्या सुमारास कास्ट आयर्न इंजिन जाऊन अॅल्युमिनियमचं आलं. २०२१ च्या सप्टेंबरात नवी क्लासिक आली तेव्हा ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक हे पिढ्यान्‌पिढ्यांचं मापही गेलं, ७२ आणि ८५.८ झालं. चेसिस नवी, इंजिन नवं, आत थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट नवा. १९५५ च्या बुलेटचा एकही नटबोल्ट आजच्या क्लासिकला बसायचा नाही. तरीही ती तीच आहे असं आपण म्हणतो, कारण बदल एकेक करून झाले आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी ती गाडी चालवत होतं.

जावाची गोष्ट तुटलेली आहे. १९८४-८५ पासून जपानी कंपन्यांच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या आणि रोज सकाळी पहिल्या किकला चालू होणाऱ्या, आणि त्यांच्यापुढे येझदी टिकली नाही. १९९६ मध्ये मैसूरचा कारखाना बंद झाला. पुढे महिंद्रा, अनुपम थरेजा आणि त्याच इराणी कुटुंबातले बोमन इराणी यांनी मिळून क्लासिक लेजंड्स ही कंपनी काढली आणि १५ नोव्हेंबर २०१८ रोजी जावा परत आली. ती बनते पीथमपूरला. या जागेचा इतिहास मराठी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा याच पीथमपुरात तयार व्हायची, आणि २००८ मध्ये तो कारभार महिंद्राकडे गेला. नव्या जावाचं पहिलं २९३ सीसीचं इंजिनही महिंद्राच्या मोजो या गाडीच्या इंजिनावरून घडवलेलं. म्हणजे नाव प्रागचं, आठवण मैसूरची, जमीन कायनेटिकची आणि इंजिनाचं बियाणं मोजोचं. बुलेटवाले याला नक्कल म्हणतात.

मला तसं वाटत नाही. जावा दत्तक आली आहे एवढंच. आणि आपल्या इतिहासाला दत्तकाची लाज वाटायचं कारण नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेला आणि राजर्षी शाहू झाला. त्यांच्या रक्ताचा हिशेब आज कुणी मांडत नाही. सक्तीचं शिक्षण, वसतिगृहं, राधानगरीचं धरण हे पाहिलं जातं. दत्तक आलेल्याला वारसा आयता मिळतो, पण तो आपला करायला काम करावं लागतं. जावाने कोणतं काम करायला हवं, हा माझ्या लेखी खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तिच्या बंद पडलेल्या वर्षांत सापडतं.

१९९६ ते २०१८ ही बावीस वर्षं. मागे कंपनी नाही, शोरूम नाही, सुट्या भागांचा पुरवठा नाही. तरीही हजारो जावा आणि येझदी रस्त्यावर राहिल्या. कुणी राखल्या त्या? पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांमधून फिरलं की उत्तर मिळायचं. जुन्या मालाचे डबे उपसून गिऱ्हाइकाला हवी ती क्लच प्लेट काढून देणारे दुकानदार होते. नसलेला बुश लेथवर हव्या त्या मापाचा करून देणारे टर्नर होते. क्रँक प्रेसवर दाबून, नवं बेअरिंग बसवून, पुन्हा सरळ करून देणारे उस्ताद होते. अशा एका गॅरेजमध्ये मी बराच वेळ काढला आहे. तिथले चाचा इंजिन उघडायच्या आधी गाडी चालू करून नुसते कान देऊन उभे राहत, मग मालकाला विचारत, ‘ऑइल किती टाकता साहेब?’ निम्मं निदान त्या उत्तरात असे. त्यांच्याकडे दुकानभर हत्यारं नव्हती. काही पाने, एक पुलर, फीलर गेज, हातोडी आणि लाकडी ठोकळा एवढ्यावर संपूर्ण इंजिन खाली येत असे आणि परत चढत असे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभर जावावाले एकत्र जमतात, आपल्या शहरांतही जमतात. आपल्याकडे ती कंपनी बंद असतानाही ते जमत होते. नव्या जावाचं बुकिंग २०१८ मध्ये काही आठवड्यांतच थांबवावं लागलं, पुढच्या सप्टेंबरपर्यंतच्या गाड्या विकल्या गेल्या होत्या. ही पत कंपनीच्या जाहिरातीने कमावलेली नव्हती. ती या टर्नरांनी आणि उस्तादांनी बावीस वर्षं सांभाळलेली ठेव होती.

म्हणून मला वाटतं की जुनेपणा कारखान्यात भरता येत नाही. तिथून फक्त जुना आकार मिळतो. गाडी जुनी होते ती कुणीतरी ती पुनःपुन्हा दुरुस्त करत राहिल्यामुळे. क्लासिक की जावा हे ठरवताना म्हणून मी एकच गोष्ट विचारतो: या दोघींपैकी म्हातारी कोण होऊ शकेल? पंचवीस वर्षांनी, आज घेणाऱ्याची मुलगी कॉलेजात असेल तेव्हा, यातली कोणती गाडी दारातून चालू होऊन बाहेर पडेल?

इथे दोघींचीही परीक्षा अवघड आहे आणि बुलेटवाल्यांनी निर्धास्त राहू नये. कास्ट आयर्न बुलेट फाट्यावरच्या टपरीवजा गॅरेजमध्येही उघडली जायची, ही कीर्ती आजच्या क्लासिकला आपोआप लागू होत नाही. तिचं इंजिन यंत्र म्हणून साधं आहे, एक सिलेंडर आणि दोन व्हॉल्व्ह, आणि ते साधेपण मोलाचं आहे. पण इंजेक्टर, सेन्सर, एबीएसचा मॉड्युल आणि या सगळ्यांवर बसलेला संगणक पान्याने उघडत नाही. वीस वर्षांनी सेन्सर मिळाला नाही तर गाडीचा बाकी सगळा लोखंडी डोलारा धडधाकट असूनही ती उभीच राहील. लेथवर बुश करता येतो, सेन्सर करता येत नाही. जावात ही गुंतागुंत आणखी थोडी जास्त आहे: कूलंटचा पंप, नळ्या, थर्मोस्टॅट, पंखा. रबराची नळी पंधरा वर्षांत कडक होते, आणि तशीच नळी मिळणार की नाही यावर पुढचं सगळं अवलंबून. शिवाय सरकारी बाजू आहे. पंधरा वर्षांनी आरटीओत जाऊन नोंदणी वाढवून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा. त्या तपासणीला गाडी धूर न सोडता, दिवे-ब्रेक शाबूत ठेवून उभी राहायला हवी. पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. आजच्या क्लासिकने आणि जावाने तिथवर पोचावं, असं मला फार वाटतं. सगळ्या गाड्या दहा वर्षांत भंगारात जाव्यात अशा समजुतीने हल्ली वस्तू बनतात. मोटारसायकल त्यातून वाचायला हवी.

चालवण्याबद्दल न बोलता हा विषय संपवता येणार नाही, कारण पंचवीस वर्षं ज्या गाडीवर बसायचं ती अंगाला मानवायलाही हवी. क्लासिक कमी फेऱ्यांवर ओढते. चौथ्या गिअरमध्ये, सत्तरच्या आसपास, साताऱ्याच्या पुढच्या सपाट रस्त्यावर तिच्यासारखं सुख नाही. स्ट्रोक लांब आहे, एकेका धडधडीत दम आहे, आणि जुन्या बुलेटची हातापायांत मुंग्या आणणारी थरथर आता गेली आहे. वजन १९५ किलो, ते गर्दीत आणि उतारावर मागे घेताना जाणवतं. जावाला फेरे आवडतात. खंबाटकी चढताना गिअर एक खाली टाकून मूठ पिळली की ती खुशीने वर जाते, वळणात सहज झुकते, आणि जुन्या जावाचा चपळपणा तिच्यात कुठेतरी उतरलेला आहे असं वाटतं. ज्याला घाट आवडतात त्याला जावा आवडेल. ज्याला लांबचे, सरळ, रमतगमत जायचे रस्ते आवडतात त्याला क्लासिक. धडधडीसाठी सायलेन्सर बदलणाऱ्यांना मात्र मी कोणतीच गाडी सुचवणार नाही. पोलिसांनी जप्त केलेले ते सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो पेपरात येतात तेव्हा मला बरं वाटतं. रात्री गल्लीत झोपलेल्या लेकराला आणि आजारी माणसाला दचकवणं हा बुलेटचा वारसा नव्हे.

तर माझा कौल. आज, या घडीला, कुणी विचारलं तर मी क्लासिक सांगतो. ती जास्त ‘ओरिजिनल’ आहे म्हणून सांगत नाही. तिचं यंत्र त्यातल्या त्यात साधं आहे, ती इतक्या मोठ्या संख्येने विकली जाते की सुट्या भागांचा धंदा करणाऱ्याला पुढची वीस वर्षं तिचा माल ठेवणं परवडेल, आणि तालुक्याच्या गावीही तिच्यावर हात बसलेला मेकॅनिक सापडतो. गाडी म्हातारी व्हायला लागणारी माणसं तिच्याभोवती आधीच जमलेली आहेत. जावा मी सांगतो ती अशांना, ज्यांच्या शहरात तिचं चांगलं सर्व्हिस सेंटर आहे, ज्यांना स्वतः हात काळे करायची हौस आहे आणि ज्यांचं मन आधीच तिच्याकडे गेलेलं आहे. अशा माणसाला उगाच परावृत्त करू नये. जुन्या जावा ज्यांनी जगवल्या ते याच जातीचे लोक होते, आणि नव्या जावालाही तेच तारतील, कंपनीने त्यांना साथ दिली तर.

ती साथ कंपन्यांकडून मागून घ्यायला हवी. २०२२ च्या जुलैत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिने ज्या वस्तूंकडे लक्ष द्यायचं ठरवलं त्यांत वाहनंही आहेत. म्हणजे मागणी करायला आधार आहे. गाडीची दुरुस्तीची संपूर्ण पुस्तिका मालकाला मिळावी, संगणकातला बिघाड वाचणारं उपकरण बाहेरच्या गॅरेजलाही विकत घेता यावं, मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षं सुटे भाग मिळतील ते कंपनीने लिहून द्यावं. शोरूममध्ये रंगांचा तक्ता समोर आला की तो जरा बाजूला सारून सेल्समनला आधी हे तीन प्रश्न विचारावेत. त्याला उत्तर माहीत नसेल, तर त्याने मॅनेजरला बोलवावं. मॅनेजरलाही माहीत नसेल, तर त्याने कंपनीला लिहावं. दर शनिवारी प्रत्येक शोरूममध्ये दोन-चार जणांनी हे विचारलं, तर मद्रासला आणि पीथमपूरला ते ऐकू जाईल.